हॉटस्पॉट दे ना जरा

शाळेचं नेटवर्क सांभाळणं हा काही फार मानाचा धंदा नाहीये. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत सेंट्रलच्या बाजूला ट्रस्टच्या ज्या मधल्या शाळा आहेत, म्हणजे फी अगदी लाखात नाही आणि अगदी फुकटही नाही अशा, त्यातल्या काही शाळांचं वायफाय, कॉम्प्युटर लॅब आणि हल्ली मुलांना दिलेले लॅपटॉप माझ्याकडे असतात. लॅपटॉप बहुतेक करून कुठल्यातरी कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या पैशातून आलेले, झाकणावर कंपनीचा स्टिकर, आत शाळेचं लॉगिन, आणि या सगळ्यावर फिल्टर, म्हणजे नको त्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर. फिल्टर लावायचं काम माझं आणि तो फोडायचं काम पोरांचं. दोघंही आपापलं काम करतो, फक्त पोरं ते जास्त मनापासून करतात.

पालकसभेत एक प्रश्न ठरलेला असतो, "सगळं सेफ आहे ना सर?" मग मुख्याध्यापिका माझ्याकडे बघतात, मी मान हलवतो आणि सभा गणवेशाच्या विषयाकडे वळते. सेफ म्हणजे नक्की काय हे आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि खरं सांगतो, न विचारलेलंच बरं असतं.

कारण बऱ्याच जणांना वाटतं की त्या फिल्टरच्या आत कोणीतरी शहाणा माणूस बसून एकेक पान वाचतोय. तसं काही नसतं हो. तुम्ही साइटचं नाव टाकलं की मशीन आधी विचारतं या नावाचा पत्ता काय, त्याला डीएनएस म्हणतात, आणि सगळ्यात स्वस्त फिल्टर इथेच आडवा येतो, नाव यादीत असलं की पत्ता देतच नाही. ही यादी शाळा बनवत नाही, मीही नाही, ती कंपनीकडून तयार येते, लाखो साइट आणि प्रत्येकीवर एक शिक्का, गेम्स, सोशल, जुगार, चॅट, अडल्ट वगैरे. शाळा फक्त कुठल्या कॅटेगरी बंद ते टिक करते. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे ब्राउझरमध्ये एक्सटेन्शन बसवायचं, ते पानाचा पत्ता आणि पानावरचे शब्द तपासतं आणि लॅपटॉप घरी गेला तरी सोबत जातं. आणि सगळ्यात महागडा प्रकार म्हणजे लॅपटॉपमध्ये फिल्टरवाल्याचं स्वतःचं सर्टिफिकेट घालून ठेवायचं, मग एरवी जी माहिती कुलूपबंद जाते तीसुद्धा मध्येच उघडून बघता येते आणि परत कुलूप लावून पुढे पाठवता येते. हे ऐकून पालक खूश होतात. मला मात्र कसंतरीच होतं, कारण त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी आईने बँकेचं पान उघडलं, आणि बँकांसाठी वेगळा अपवाद घालायचा राहिला असेल, तर तेही त्याच वाटेने जाणार ना.

आता पोरांची बाजू ऐका. गेम्सची कॅटेगरी बंद केली तर कोणीतरी त्याच गेम्स गूगल साइट्सवर चढवून ठेवलेल्या असतात, आणि गूगल साइट्स बंद करावं तर विज्ञानाच्या बाईंचं प्रोजेक्टचं पान तिथेच. ट्रान्सलेटच्या पानात बंद साइटचा पत्ता घालून "भाषांतर" म्हणून सगळी साइट आत आणायची, ही युक्ती तर जगभरातल्या पोरांना पाठ आहे. चॅट बंद केलं तर एक गूगल डॉक उघडतात, नाव द्यायचं "भूगोल प्रकल्प गट ४", त्यात आठ जण एकाच वेळी टाइप करतायत, कोणाचं काय चाललंय, कोण कोणाला आवडतं, आणि तास संपायच्या आत सगळं पुसून साफ. (डॉकला व्हर्जन हिस्टरी नावाची, पुसलेलंही जपून ठेवणारी भानगड असते हे आठवीत माहीत नसतं, नववीत कळतं.) आणि नेटच नसेल तर क्रोममधला तो उड्या मारणारा डायनासोर आहेच. तो 2014 मध्ये गूगलच्या लोकांनी नेट गेल्यावर जरा विरंगुळा म्हणून टाकला, तर शाळाशाळांतून पोरं अभ्यास सोडून तेच खेळत बसायला लागली आणि शेवटी ॲडमिनसाठी तो बंद करायची सोय द्यावी लागली. ती सोय मी वापरत नाही. डायनासोरला काय करायचंय बंद करून!

व्हीपीएनचं, म्हणजे आपलं सगळं नेट दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरवरून फिरवून आणणाऱ्या ॲपचं, मात्र मला खरंच टेन्शन येतं. फुकटचं व्हीपीएन चालवणारा पैसे कुठून काढत असेल असं मी पोरांना विचारतो, ती म्हणतात ॲडमधून. ॲडमधून पण आणि काही जण तुझ्या डेटामधूनही, बाळा. शाळेच्या फिल्टरमधून सुटलास आणि ज्याचं नावगाव माहीत नाही अशा माणसाच्या सर्व्हरवरून सगळं पाठवायला लागलास. हे सांगितल्यावर एखादं पोरगं गप्प होतं, बाकीचे हसतात.

पण हे सगळं झालं हौशी पोरांचं. बाकीच्या वर्गाचा खरा उपाय एका वाक्याचा आहे, "हॉटस्पॉट दे ना जरा." शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, म्हणजे तो दप्तराच्या तळाशी डब्याच्या खाली असतो. हॉटस्पॉट चालू झाला की शाळेच्या वायफायवरचा माझा सगळा फिल्टर तिथल्या तिथे बाद. लॅपटॉपमधलं एक्सटेन्शन आडवं आलंच तर लॅपटॉप बाजूला ठेवायचा आणि मोबाइलच काढायचा. दीड जीबी रोजचा डेटा, तोही पप्पांनी रिचार्ज केलेला. इतक्या सोप्या गोष्टीपुढे माझ्या त्या लाखो साइटच्या यादीची काय वट राहणार.

यात मुंबईच्या पोरांचं विशेष असं काही नाही. अमेरिकेत 2000 च्या डिसेंबरमध्ये चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट नावाचा कायदा झाला, शाळांना आणि लायब्ररींना नेटवर सरकारी सवलत हवी असेल तर फिल्टर लावा, असा सरळ सौदा. त्याच्या चार वर्षं आधी, 1996 मध्ये, बेनेट हेझल्टन नावाच्या कॉलेजातल्या पोराने पीसफायर म्हणून एक गट काढला होता, जो अठराच्या आतल्यांच्या वतीने बोलायचा, हे फिल्टर कुठल्या चांगल्या साइट उगाच बंद करतात त्याच्या याद्या काढायचा, आणि फिल्टर बंद कसे करायचे तेही सांगायचा. म्हणजे फोडणारे कायद्याच्या आधीपासून तयार होते. मग 2013 मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांनी मुलांना आयपॅड वाटले, प्रचंड मोठी योजना, आणि काही दिवसांतच तीनशेच्या आसपास मुलांनी फिल्टर काढून टाकला. काही हॅकिंगबिकिंग नाही, सेटिंगमध्ये जाऊन शाळेचं प्रोफाइल डिलीट केलं, बस्स. त्यावर अधिकाऱ्यांनी आयपॅड घरी न्यायलाच बंदी घातली.

ते वाचून मी आधी खूप हसलो होतो आणि नंतर गुपचूप आमच्या लॅपटॉपवरचं प्रोफाइल डिलीट होतंय का ते तपासून आलो.

आणि मोठे लोक काय वेगळे असतात का? 2015 च्या ऑगस्टमध्ये सरकारने 857 साइट ब्लॉक करायला लावल्या होत्या, आठवतंय ना, त्या आठवड्यात मला ज्या ज्या काकांचे फोन आले त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. "अरे ते डीएनएस का काय ते बदलतात म्हणे, जरा नेट स्लो आहे म्हणून विचारतोय." नेट स्लो आहे म्हणे! 2020 च्या जूनमध्ये टिकटॉकसकट 59 ॲप बंद झाली तेव्हाही तेच. ऑफिसमध्ये मॅचचा स्कोअर बंद असेल तर आपण काय करतो? मग सातवीतल्या पोराने कपाळाला हात लावून "शाळेने सांगितलंय ना, मग नको बघायला" म्हणावं अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची.

तर फोडणाऱ्या पोरांची मला फार काळजी वाटत नाही, हे आता कळलं असेलच. काळजी दुसरीकडे आहे.

आमच्या एका शाळेत दहावीच्या वर्गात एक मुलगी आहे, भांडुपला डोंगरावरच्या वस्तीत राहते. घरात मोबाइल एक, तो वडिलांचा, आणि ते डिलिव्हरीच्या कामाला सकाळी घेऊन जातात ते रात्री येतात. म्हणजे तिच्यासाठी नेट म्हणजे शाळेचा लॅपटॉप आणि शाळेचं वायफाय, आणि सुट्टीच्या दिवशी शेजारच्या ताईंनी पासवर्ड दिला तर त्यांचं. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये सजीवांतील जीवनप्रक्रियांचा दुसरा भाग आहे, त्यात मानवी प्रजनन येतं, पाळीचं चक्र, हार्मोन्स, सगळं बोर्डाच्या पुस्तकात छापलेलं. हा धडा बऱ्याच ठिकाणी वर्गात कसा शिकवतात ते आपल्याला माहीत आहे, "हे घरी वाचा, परीक्षेला आकृती येते." तिने घरी वाचला, काही कळलं नाही म्हणून सर्च केलं, आणि समोर लाल पान आलं, ही साइट शाळेच्या धोरणानुसार बंद आहे. तिने दुसरी लिंक दाबली, परत लाल पान. मग तिसरी. त्यानंतर तिने त्या विषयावर काहीच शोधलं नाही.

त्याच वर्गात कांजूरच्या टॉवरमधली पोरं आहेत. त्यांनी तोच धडा मोबाइलवर व्हिडिओ लावून दहा मिनिटांत समजून घेतला असेल, आणि ज्या गोष्टींपासून त्यांना वाचवायला आम्ही हा फिल्टर लावला त्याही बघून झाल्या असतील. म्हणजे बघा, ज्याच्याकडे दुसरं नेट आहे त्याच्यावर हा फिल्टर चालतच नाही. तो चालतो फक्त तिच्यावर, जिच्याकडे दुसरं काही नाही. पालकसभेत मान हलवून मी ज्या सेफ्टीची हमी देतो ती सगळी त्या एका मुलीच्या डोक्यावर.

आणि लॅपटॉप घरातली पहिलीच अशी वस्तू असणारी पोरं मुंबईत कमी नाहीत. महापालिकेने 2015 मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले तेव्हा सगळी चर्चा दप्तराच्या ओझ्याची झाली होती, अभ्यासक्रम टॅबमध्ये भरलेला, पुस्तकं कमी. नंतर 2016 ला जिओ आलं, 2020 ला शाळा बंद पडल्या, आणि वर्ग म्हणजेच स्क्रीन झाली, घरात दोन भावंडं आणि एक फोन, कोणाचा तास आधी यावर मारामाऱ्या. शाळेचे लॅपटॉप आले ते याच सगळ्यातून. ज्यांच्यासाठी म्हणून आणले त्यांच्याच हातात ते सगळ्यात जास्त बांधलेले आहेत.

त्या मुलीचं हे मला कसं कळलं असं कोणी विचारेल. लॉगमधून. आणि इथे मला जरा अडखळायला होतं, कारण फिल्टर नुसता अडवत नाही, तो लिहूनही ठेवतो, कुठल्या लॉगिनने किती वाजता काय मागितलं. लॅपटॉप घरी गेला तरी लिहितो. रात्री अकरा वाजता एखादं पोरगं काय शोधतंय ते मला सकाळी चहा पिता पिता दिसू शकतं, आणि त्यातल्या काही ओळी अशा असतात की त्या मी वाचायला नको होत्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लोअर मेरियन म्हणून एक ठिकाण आहे, तिथल्या शाळांनी मुलांना लॅपटॉप दिले होते आणि चोरीला गेला तर सापडावा म्हणून कॅमेरा लांबून चालू करायची सोय ठेवली होती. 2010 मध्ये उघडकीला आलं की त्या कॅमेऱ्यांनी मुलांचे त्यांच्याच घरात हजारो फोटो काढलेत. एका मुलाला तर शाळेने त्याच्या खोलीतला फोटो दाखवून गोळ्या घेतोस का विचारलं, तो म्हणाला साध्या गोड गोळ्या खात होतो. शाळांना 6 लाख 10 हजार डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडे 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा अठराच्या आतल्यांवर पाळत ठेवायला एरवी मनाई करतो, शाळांना त्यात काही सूट वगैरे आहे, पण कायद्याचं राहू दे, मी लॉग आता महिन्याच्या आत पुसायला लावलाय आणि त्यात नावाऐवजी इयत्ता येते. एका मुख्याध्यापकांनी "टॉप टेन बदमाश" अशी यादी मागितली होती. दिली नाही. सिस्टिममध्ये तशी सोय नाही असं सांगितलं, जे खोटं होतं.

बरं, फिल्टर चुकतो हे तरी नवीन आहे का. 1996 मध्येच इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल नावाच्या इंटरनेट कंपनीकडे खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी लपलीये. आपल्याकडचा घोळ उलटा आहे. माझा फिल्टर इंग्रजीत अतिशय सोवळा आणि मराठीत ठार बहिरा. देवनागरीत पोरं त्या गूगल डॉकमध्ये एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करतात तो खुशाल जातो, आणि "ब्रेस्ट कॅन्सर" शोधणारी, आईचे रिपोर्ट समजून घेणारी मुलगी अडकते. एक शिष्यवृत्तीची साइट मधेच बंद पडायची, का तर त्या साइटच्या सुरक्षेच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती आणि फिल्टरने तिला धोकादायक ठरवलं. शेवटची तारीख जवळ, फॉर्म उघडत नाही, आणि कोणाला सांगायचं हे कुठेच लिहिलेलं नाही.

माझा मुद्दा काय तो इथे आहे. त्या लाल पानावर सगळं होतं, शाळेचा लोगो, धोरण, "तुमच्या सुरक्षेसाठी". फक्त "तुला ही साइट का हवीये?" एवढा प्रश्न नव्हता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2003 मध्ये फिल्टरचा तो 2000 चा कायदा योग्य ठरवला तेव्हासुद्धा एक महत्त्वाचा आधार हा होता की लायब्ररीत मोठ्या माणसाने सांगितलं तर लायब्रेरियन फिल्टर उघडून देऊ शकतो. म्हणजे मागायची सोय आहे म्हणून भिंत चालेल. सेंट्रल लाइनला रुळांच्या कडेची भिंत लोक एकाच ठिकाणी परत परत फोडतात, रेल्वे बुजवते, लोक परत फोडतात, कारण पूल तिथून लांब आहे. माझ्या पोरांचं तेच, फक्त तिथे निदान जिवाची भीती असते. आणि जिला भिंत फोडता येत नाही ती मुलगी अलीकडेच उभी राहते, आणि आम्ही समजतो फिल्टर झकास चाललाय.

तर मी एका शाळेत लाल पानावर एक बटण टाकलं, "ही साइट हवी आहे", खाली दोन रकाने, इयत्ता आणि कारण. नाव नको. मुख्याध्यापिकाबाई तयार नव्हत्या.

"उद्या कोणी काही भलतंच मागितलं तर?"

"तर नाही म्हणायचं बाई."

"अहो, पण नाही म्हणायला वेळ कोणाकडे आहे?"

हा प्रश्न मात्र खरा आहे, मी त्याला हसलो नाही. साठ पोरांचा वर्ग, निवडणुकीच्या ड्यूट्या, वर पोर्टलवर माहिती भरायची, त्यात रोज कोण बसून वाचणार कोणाला काय हवंय. फिल्टर विकला जातो तो याच्यासाठीच, माणसाचा वेळ वाचतो. फक्त ब्रोशरमध्ये कंपनीवाले ते असं लिहीत नाहीत.

लैंगिक शिक्षणाची कॅटेगरी उघडायला मात्र त्यांना पटवता आलं. बऱ्याच याद्यांमध्ये ती अडल्टपासून वेगळी असते, पण घेताना ते नाव बघूनच कोणीतरी टिक करून टाकतं. मी बोर्डाचं पुस्तक घेऊन गेलो, तो धडा उघडून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, बाई, हे आपणच शिकवतो ना? त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, शिपाई यायच्या आत बंद करा ते पुस्तक. टिक निघाली.

बटणातून काय काय आलं सांगू? बुद्धिबळाची साइट, भरपूर वेळा, ती गेम्समध्ये मोडते म्हणून बंद होती. कबड्डीचे स्कोअर. मेंदीची डिझाइन्स. ढोल-ताशा पथकाचे व्हिडिओ, कारण म्हणून "सराव". आयटीआयच्या प्रवेशाची माहिती, जी चॅटमध्ये का मोडत होती देव जाणे, बहुतेक कोपऱ्यातल्या त्या "मी तुम्हाला मदत करू का" खिडकीमुळे. आईला डायलिसिस का लागतं. आठवीतल्या कोणीतरी एका प्रॉक्सीचा, म्हणजे बंद साइट आडवाटेने उघडून देणाऱ्या साइटचा पत्ता टाकून कारणात "अभ्यासासाठी" लिहिलं होतं, त्याला नाही म्हटलं. एकाने कारणाच्या रकान्यात फक्त "तुम्ही कोण आहात?" असं विचारलं. त्याला काय उत्तर द्यायचं यावर कॉम्प्युटरच्या बाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही, त्या म्हणतात सांगून टाका, मी म्हणतो सांगितलं तर गेटवर गाठतील.

सध्या त्या बाई शुक्रवारी शेवटच्या तासाला नववीतल्या दोघांना सोबत घेऊन ती यादी काढतात. दोघांपैकी एक जण पूर्वी वर्गाला गेम्सच्या लिंका पुरवायचा. बुद्धिबळ उघडावं का यावर तोच सगळ्यात कडक निघाला, म्हणतो दुपारी साडेबाराच्या आधी नको, पोरं गणिताच्या तासाला खेळतील. ठेवलंय तसंच.

आता वर्षाचं नूतनीकरण आलंय आणि ट्रस्टला कंपनीच्या माणसाने एआयवाला फिल्टर दाखवलाय, मराठीही कळतं म्हणे, शिवी आली की थेट मुख्याध्यापकांना मेसेज. किंमत बरीच जास्त. त्याच्यात माझं कमिशनही जास्त, हेही सांगून टाकतो. मी दोन कोटेशन दिलीत. एक त्याचं. दुसऱ्यात जुना फिल्टर तसाच ठेवून वरच्या फरकात कॉम्प्युटरच्या बाईंचे आठवड्याचे चार तास शिकवण्यातून मोकळे करायचे आणि सिमकार्डवाले काही डोंगल घ्यायचे, घरी नेट नसलेल्या पोरांना शनिवार-रविवार न्यायला. एका ट्रस्टींचा फोन आला होता, म्हणाले, दुसऱ्यात सॉफ्टवेअर कुठे आहे? म्हटलं, नाहीये साहेब. म्हणाले, मग हे आयटीच्या बजेटमध्ये बसणार कसं? मीटिंग दिवाळीनंतर आहे.